पौष्टिक आणि परहेज

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोलापुरात दुपारी घामाच्या धारा लागलेल्या असतात. शरद ऋतू म्हणायचा तो पुस्तकात. अशाच एका दुपारी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये राहणाऱ्या भाचीचा फोन आला. तिच्याकडे झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळत होती आणि ती घरी ग्रॅनोला भाजत होती. लाल भोपळ्याचा गर, दालचिनी, जायफळ, सुंठ, सफरचंद. तिकडे या दिवसांत कॉफीपासून केकपर्यंत सगळ्याला हाच वास असतो म्हणे. "खाला, एकदम हेल्दी आहे. नानीसाठी कर," ती म्हणाली.

नानी म्हणजे माझी अम्मी. वय पंच्याहत्तर, मधुमेह अठरा वर्षांचा. अब्बा गेल्यापासून तिचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहात बुडवलेली दोन बटर. पोहे केले तर "भूक नहीं", उपमा केला तर "बाद में". मलाही गेल्या वर्षी डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवून सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही सीमारेषेवर आहात." त्यामुळे हेल्दी हा शब्द ऐकताच मी कामाला लागले.

ओट्स, बदाम, अक्रोड आणले. भोपळा तर प्रत्येक भाजीवाल्याकडे होता. कृतीत मेपलचा पाक होता. तो इथे कुठला मिळायला? मी मध घेतला अर्धी वाटी, वर चांगला गूळ अर्धी वाटी, आणि खजूर, मनुका हाताला येतील तशा. साखर मात्र एक दाणाही नाही! घरभर असा वास सुटला की शेजारच्या वहिनी चिवड्याची कढई उतरवून विचारायला आल्या.

अम्मीने डब्यात डोकावून पाहिलं. "ये क्या है गे? परिंदों का दाना?"

"अम्मी, हे हेल्दी आहे. साखर अजिबात नाही. तुमच्यासाठीच केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट आवरत होते. अम्मीने मोठा वाडगा भरून दुधातून ग्रॅनोला खाल्ला. आवडला म्हणून पुन्हा अर्धा घेतला. कितीतरी महिन्यांनी तिला असं पोटभर खाताना पाहून मला भरून आलं. दोन तासांनी ती म्हणाली, घसा सुकतोय, डोळ्यापुढे धुरकट दिसतंय. मशीनवर बोट टोचलं. 318.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं पाणी पाजलं, दर तासाला साखर तपासत बसले. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला. मी रागावून म्हटलं, "इतकं कशाला खाल्लंत?" अम्मीने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तू बोली थी ना, हेल्दी है करके."

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. मी दोन भाषा शिकवते. शब्दांचे अर्थ सांगण्याचाच मला पगार मिळतो. मराठीत पौष्टिक म्हणजे ज्याने पुष्टी येते, अंग भरतं ते. डिंकाचा लाडू पौष्टिक असतो, बाळंतिणीला देतात. उर्दूतलं परहेज म्हणजे दूर राहणं, टाळणं. मराठीत त्याला पथ्य म्हणतो. पौष्टिक आणि पथ्याचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या दादीला बाराखडी न शिकताही ठाऊक होतं. "हेल्दी" या एका शब्दाने दोन्ही गिळून टाकल्या, आणि मी बीएड झालेली बाई त्याला फसले.

अम्मीचा मधावर फार विश्वास. कुरआनात मधात शिफा असल्याचा उल्लेख आहे, तेव्हा त्याने अपाय कसा होईल, असं तिला वाटतं. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "शिफा चमच्यात असते अम्मी, वाटीत नाही." मधात शंभरातले ऐंशी भाग साखरच असते. गूळही रंग बदललेली साखरच. सुक्या खजुराचं वजन निम्म्याहून अधिक साखरेचं. "साखर नाही" असं मी म्हटलं तेव्हा ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

मग या पदार्थाचा इतिहास वाचला तर गंमतच निघाली. 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी गव्हाच्या कोंडायुक्त पिठाचा भाजलेला चुरा केला. नाव ठेवलं ग्रॅन्युला. तो इतका टणक की रात्रभर दुधात भिजवावा लागे. पुढे भाचीच्याच मिशिगनमध्ये, बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात, डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने केला. नावावरून भांडण झालं आणि त्यांनी ते बदलून ग्रॅनोला केलं. म्हणजे मूळचं हे रुग्णांचं, पथ्याचंच खाणं होतं. गोडाने चिकटवलेलं, कुरकुरीत रूप पुढच्या काळातलं.

मग मी पुन्हा केलं, आपल्या पद्धतीने. दोन वाट्या जाड ओट्स, अर्धी वाटी शेंगदाणे आणि बदामाचे काप, पाव वाटी भोपळ्याच्या बिया, दोन चमचे तीळ. अर्धी वाटी भोपळ्याचा शिजवलेला गर कढईत परतून घट्ट करून घेतला, नाहीतर ओट्स मऊ पडतात. त्यात दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, चमचाभर दालचिनी, पाव चमचा सुंठ, जायफळ किसणीवर दोनदा फिरवून, चिमूटभर मीठ आणि दोनच खजूर वाटून. हे ओट्सना चोळून 150 अंशांवर चाळीसेक मिनिटं भाजलं, दर दहा मिनिटांनी हलवत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर होतं, फक्त हात थांबवायचा नाही. गरम असताना नरमच वाटतं, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. शेवटी एक वाटी ज्वारीच्या लाह्या मिसळल्या. त्या आधी घातल्या तर करपतात. मनुका नाहीत. सफरचंदही सुकवलेलं नाही, खाताना दोन ताज्या फोडी चिरून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माप. ओट्सच्या तंतूंमुळे साखर सावकाश चढते हे खरं, पण चढते. तेल आणि दाण्यांमुळे मूठभरातही बरंच बळ असतं. म्हणून अम्मीच्या वाडग्याऐवजी मी पानाच्या डब्यातली छोटी वाटी काढली. ती अर्धी भरून, गोड न घातलेल्या दह्याबरोबर. डॉक्टरांना विचारून, आणि पहिले चार दिवस दोन तासांनी मशीनवर तपासून. आकडे बरे आले.

सुट्टी संपल्यावर आठवीच्या वर्गात मुलांना घरून बिस्किटांची, चिवड्याची रिकामी पाकिटं आणायला सांगितली. समोरचा मोठा शब्द झाका आणि मागचं बारीक अक्षर वाचा, हा त्या दिवसाचा भाषेचा धडा. एका मुलीने विचारलं, "टीचर, मग समोर हेल्दी का लिहिलंय?" मी म्हटलं, "मीही एकदा तसंच बोलले होते."

अम्मी आता रोज वाटी पुढे करते. मी डबा उघडला की आधी विचारते, "इसमें क्या-क्या डाली, पहले वो बोल." मी एकेक जिन्नस सांगते. ती ऐकून घेते, मग खाते.