स्टॉकहोममधील तीन तास

जहाजावर मी लॉन्ड्रीत होतो. प्रवासी बर्गन, कोपनहेगन, तालिन पाहात; आम्ही त्यांच्या चादरी. हाक नंबरानेच.

स्टॉकहोमला एकदाची तीन तासांची सुट्टी मिळाली. ‘वासा’ पाहायला धावलो. राजाचे हे युद्धजहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत, दोन किलोमीटरही न जाता, बंदरातच बुडाले. १९६१ साली वर काढले. लोक त्यावरील नक्षीकाम पाहात होते. मी खाली सांगाड्यांपाशी थांबलो. राजा गुस्ताव अडॉल्फ, हे पुस्तकांत आहेच. या माणसांची खरी नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. संग्रहालयाने त्यांना एकेका अक्षरावरून नावे ठेवली आहेत. निदान तेवढे तरी केले!

परतताना आईला पोस्टकार्ड टाकले. खाली माझे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट.