आठवणींच्या शेजारी कादंबरी

मस्कतच्या अल् घुब्रा भागात मराठी घरांची शुक्रवारची सुट्टी बहुधा झोप, बाजारहाट आणि गावाकडचे व्हिडिओ कॉल यांत संपते. आमच्या इमारतीतल्या काही जणींनी त्यातली संध्याकाळ पुस्तकांसाठी राखून ठेवली आहे. सध्या वाचत असलेलं पुस्तक घेऊन यायचं. ते संपलेलं असायला हवं असं नाही. चहा-चिवड्याबरोबर कोण काय वाचतंय ते कळतं आणि मग वाद रंगतो.

यंदाचा सगळ्यात मोठा वाद सलमेवरून झाला. ओमान आणि झांजिबारवर राज्य करणाऱ्या सुलतान सईद बिन सुलतानची ही मुलगी १८४४ साली झांजिबारला जन्मली, एका जर्मन व्यापाऱ्याशी लग्न करून एमिली रुएटे झाली आणि १८८६ साली तिने आपल्या आठवणी जर्मनमध्ये छापल्या. पुस्तक आणलं होतं डोंबिवलीच्या काकूंनी. राजवाड्यात मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. सलमेने कुराणातली अक्षरं उंटाच्या खांद्याच्या हाडावर गिरवली आणि चोरून लिहायला शिकली. काकूंनी तो भाग वाचून दाखवताच पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, ही तर आपली रमाबाई!”

वहिनींच्या पिशवीत तेव्हा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ होतं. १८७३ साली, अकराव्या वर्षी, रमाबाई लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचा रोष ओढवला. इंग्रजीला सुरुवात झाल्यावर तर तो फारच वाढला. १९१० साली आलेल्या या पुस्तकात रमाबाई तो छळ सांगतात, पण सांगताना तोल कुठेही सुटत नाही. एकीला नवऱ्याचा आधार, दुसरीला कोणाचाच नाही. दोन समुद्रकाठांवरच्या या दोघींना एकमेकींची गंधवार्ता नव्हती.

इथवर सगळ्यांचं जमलं. मग काकूंनी पुढचं प्रकरण काढलं. त्यात सलमे गुलामगिरीची बाजू घेते. पौर्वात्य घरांतल्या गुलामांचे हाल युरोपीय समजतात तसे नव्हते, असं ती हिरिरीने मांडते. आणि तिची स्वतःची आई? चेर्केस मुलखातून लहानपणी पळवून आणलेली, सुलतानाच्या घरात विकत आलेली मुलगी. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

त्या दिवशी माझ्या हातात जोखा अल्‌हार्थींची कादंबरी होती. या बाई इथल्याच, सुलतान काबूस विद्यापीठात शिकवतात. मूळ अरबी कादंबरी २०१० सालची. मॅरिलिन बूथ यांच्या इंग्रजी अनुवादामुळे तिला २०१९ साली आंतरराष्ट्रीय मॅन बुकर मिळालं. अरबीतून लिहिणाऱ्या लेखकाला तो सन्मान प्रथमच मिळाला. कथा अल्‌अवाफी गावातल्या तीन बहिणींची आहे, पण माझ्या मनात घर केलं ते जरीफाने. व्यापारी सुलेमानच्या घरातली ही गुलाम बाई त्याच्या आईवेगळ्या मुलाला वाढवते आणि उठता-बसता म्हणी सांगते. लेखिकेने तिचा जन्म २५ सप्टेंबर १९२६ ला घातला आहे. त्याच दिवशी जिनिव्हात गुलामगिरीविरोधी करारावर सह्या झाल्या. ओमानमध्ये मात्र गुलामगिरी संपायला १९७० साल उजाडलं. जरीफाचा मुलगा म्हणतो, आपण आता स्वतंत्र आहोत. आईला ते पटत नाही, सुलेमानने आपल्याला पोसलं असं ती म्हणते.

“मग सलमेचंच खरं म्हणायचं की,” काकू म्हणाल्या. मला ते मुळीच मान्य नाही. राजकन्येने गुलामांचं समाधान सांगणं वेगळं आणि जरीफाच्या तोंडून ते येताना तिच्या स्वतःच्या मुलाने समोर उभं राहून भांडणं वेगळं. आठवणी लिहिणारा माणूस आपल्या खिडकीतून दिसलेलं घर सांगतो. कादंबरीला त्याच घराच्या परसदारी जाता येतं. म्हणून मी आता अशी दोन्ही पुस्तकं जोडीनेच वाचते. वहिनींनाही प्रश्न पडला की रानड्यांच्या घरातल्या त्या चिडलेल्या बायकांची बाजू कोणी लिहिली आहे का.

पुढच्या शुक्रवारसाठी बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ ठरली आहे. आखाती वाळवंटात शेळ्या राखायला अडकलेल्या मजुराची ही मल्याळी कादंबरी बेन्यामिन यांनी बहारीनमध्ये राहत असताना लिहिली. तिच्या जोडीला आठवणी कोणाच्या, हे ठरत नव्हतं. तेव्हा काकूंचे यजमान पहिल्यांदाच बोलले. तरुणपणी ते इथे बांधकामावर होते आणि त्या काळात घरी धाडलेली पत्रं काकूंनी जपून ठेवली आहेत. काकू आधी लाजल्या, मग म्हणाल्या, “दोन सोडून बाकीची आणते.”