एकट्या प्रवाशाचे मुंबईतील जेवण

मुंबईत एकट्याने फिरणाऱ्या माणसाची जेवणाची सोय चांगली होते, कारण इथली बरीच जुनी उपाहारगृहे वाढली तीच एकट्या माणसांवर. घरदार गावी ठेवून आलेला गिरणी कामगार, फोर्टमधला कारकून, खोलीवर चूल नसलेला विद्यार्थी हे त्यांचे रोजचे गिऱ्हाईक. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायका महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशा खानावळीही ओसरल्या. एकट्याने अवघडून न जाता पोटभर जेवण्याची रीत मात्र शहरात मुरली. परगावच्या माणसाला तिचाच आधार असतो.

ही रीत सगळ्यांत स्पष्ट दिसते ती माटुंग्यात. मध्य रेल्वेच्या स्थानकाबाहेर पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. आधी गल्ल्यावर कुपन घ्यायचे, मग बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहायची. आत गेल्यावर जागा मिळेल तिथे, कोणाच्याही शेजारी. केळीचे पान पुढ्यात आले की त्यावर पाणी शिंपडून ते पुसून घ्यायचे. भाजी, कोशिंबीर, पुरी किंवा पोळी वाढली जाते आणि मग भात येतो. नवखा माणूस भाताचा नुसता ढीग करून बसतो आणि आमटीचा ओघळ पानाच्या कडेकडे धावतो. सराईत माणूस बोटांनी भाताला आळे करतो, वाढपी बरोबर त्यात सांबार सोडतो. दुसऱ्या भाताला रसम, तिसऱ्याला ताक. प्रस्तुत लेखकाला हे आळे कसे करायचे ते शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी एक शब्दही न बोलता, स्वतःच्या पानावर सावकाश करून दाखवले. वाढपी पुन्हा पुन्हा आग्रहाने विचारतात. केळीच्या पानावरचे हे जेवण पोटभर असते, म्हणून सकाळचा नाष्टा बेताचा ठेवलेला बरा. माटुंग्यातच १९४० पासून चालू असलेल्या कॅफे मद्रासमध्ये सकाळी रसमवडा आणि फिल्टर कॉफी मिळते, पण तोच नाष्टा भरपेट झाला तर दुपारचे पान वाया जाते.

दादरला पद्धत थोडी निराळी. शिवसेना भवनासमोरचे आस्वाद असो की जवळचे प्रकाश, गर्दीच्या वेळी चौघांच्या टेबलावर अनोळखी चौघे बसवले जातात. बाहेर नाव सांगताना ‘एकटाच’ म्हटले की पाळी लवकर येते. कुटुंबे ताटकळत असतात आणि एकटी खुर्ची कुठे ना कुठे रिकामी होतेच. समोरच्याच्या ताटातले थालीपीठ पाहून आपण तेच मागवावे, यात इथे कोणाला वावगे वाटत नाही. बाहेर माणसे उभी दिसत असतात, त्यामुळे पीयूष संपल्यावर रेंगाळू नये.

रेंगाळायचे असेल तर इराण्याकडे जावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी झरतुष्ट्र्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यांवर ही हॉटेले काढली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. बनमस्का किंवा ब्रूनमस्का आणि चहा एवढ्यावर तिथे निवांत बसता येते. जेवणासाठी बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया आहे, १९२३ चे. तिथला बेरी पुलाव मात्र दुपारीच गाठावा लागतो. अशी इराणी हॉटेले आता थोडीच उरली आहेत, आणि ही शहराची मोठी हानी आहे. चहाच्या एका कपावर परक्या माणसाला सावलीत बसू देणारी दुसरी जागा सहजी सापडत नाही.

मासे खाणाऱ्याने मालवणी किंवा गोमंतकी खाणावळ, नाही तर फोर्टातले लंच होम पाहावे. साडेबारा ते दोन ही कचेऱ्यांच्या जेवणाची वेळ. तेव्हा गर्दी असते, पण तव्यावरचा मासाही तेव्हाच ताजा उतरत असतो. पापलेट आणि सुरमईचा भाव बाजाराप्रमाणे बदलतो आणि कार्डावर तो बरेचदा छापलेला नसतो, म्हणून आधी विचारून घ्यावा; विचारण्यात कमीपणा नाही. बांगड्याची थाळी, सोलकढी आणि भात हा त्यातला स्वस्त आणि भरवशाचा बेत. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत बर्फातला मासा घेण्यापेक्षा सुकटीची चटणी किंवा कोंबडी-वडे मागवावेत.

रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यासाठी स्थानकांजवळची पोळी-भाजी केंद्रे आहेत. पोळ्या, एक सुकी भाजी आणि चटणी एवढे बांधून घेतले की पुरते. रस्साभाजी गाडीत सांडते, आणि उशीर केला तर केंद्रातल्या पोळ्या संपलेल्या असतात.