दाणे घरातून काढू नकोस

हॅरो, लंडन

चि. सुमेधास,

आईकडून कळलं की पिहूच्या गालांवरचा आणि कोपरांतला इसब पुन्हा चिघळला आहे, आणि माझ्या अर्णवसारखं तिला होऊ नये म्हणून तू दाणे वर्ज्य केलेस. तिला तर नाहीच, तू अंगावर पाजतेस म्हणून स्वतःही खात नाहीस. फोनवर हा विषय काढला असता तर आपण दोघी रडलो असतो आणि मुद्द्याचं राहून गेलं असतं, म्हणून लिहिते आहे. सुमे, असं करू नकोस. पुढच्या महिन्यात पिहूचं उष्टावण आहे. त्याआधी तिला डॉक्टरांना दाखव आणि ते हो म्हणाले की दाणे सुरू कर.

चमचाभर दाण्याच्या चटणीने जिच्या मुलाचा श्वास अडकतो ती बहीण असं म्हणते, याचं तुला नवल वाटेल. पण अर्णवमुळेच मला हा विषय मुळापासून वाचावा लागला.

लहान मुलांना दाणे देऊ नका, हा सल्ला कधीकाळी मोठमोठ्या डॉक्टरांनीच दिला होता. ज्या घरात दमा, इसब, अॅलर्जी आहे तिथल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत दाणे नकोत, असं इथल्या सरकारी तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये तेच सांगितलं. आयांनी ते पाळलं, तरी अॅलर्जीची मुलं वाढतच गेली. मग गिडियन लॅक या लंडनच्या डॉक्टरांनी इथली ज्यू मुलं आणि इस्राएलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली. दाण्याची अॅलर्जी इथल्या मुलांत जवळजवळ दहापट निघाली. इस्राएलमध्ये दात यायच्या सुमारासच बाळाच्या हातात बांबा नावाचा दाण्याचा खाऊ देतात, इथे वर्ष उलटलं तरी देत नव्हते. ही पाहणी २००८ ची. त्यानंतर त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली, म्हणजे अगदी पिहूसारखी. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला: न दिलेल्यांत शंभरातल्या सुमारे १७ मुलांना अॅलर्जी झाली, दिलेल्यांत फक्त ३ मुलांना. ही मुलं पुढे बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही तो फायदा टिकून होता.

हे का होतं, ते तुझ्या घराच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. दाण्याची ओळख शरीराला दोन वाटांनी होते. तोंडावाटे पोटात गेला की शरीर त्याला अन्न म्हणून स्वीकारायला शिकतं. फाटलेल्या, इसबाच्या त्वचेतून शिरला की शरीर त्याला शत्रू ठरवतं. आता तुमचं सोलापूरचं स्वैपाकघर डोळ्यांपुढे आण. तू तुझ्या ताटातून दाणे काढशील, पण सासूबाईंच्या डब्यातला कूट, मामंजींची भाकरीबरोबरची चटणी, उपासाची खिचडी कुठे जाणार आहे? कूट कुटलेला हात बाळाच्या गालाला लागणारच. म्हणजे पिहूला दाणे त्वचेतून मिळत राहतील आणि तोंडातून मिळणार नाहीत. याहून वाईट जोड नाही. मालिशवाल्या मावशींनाही सांग: घाण्याचं शेंगदाणा तेल तिच्या अंगाला लावायचं नाही. दाण्याचं तेल असलेली मलमं बाळाच्या पुरळावर लावण्याचा आणि पुढच्या अॅलर्जीचा संबंध ब्रिस्टल भागातल्या मुलांच्या पाहणीत २००३ मध्येच दिसला होता. इसबावर डॉक्टरांचं मलम नेमाने लाव, त्यात चालढकल नको.

पण घाईने घरीच बोट चाटवू नकोस. तिचा इसब तीव्र आहे, म्हणून आधी त्वचेवरची टोचून करायची टेस्ट किंवा रक्ततपासणी हवी. त्या अभ्यासातही ज्यांची टेस्ट फार जोरात आली, त्या बाळांना घेतलंच नव्हतं. टेस्ट ठीक आली तर डॉक्टर पहिला घास दवाखान्यात द्यायचा की घरी, ते सांगतील. घरी म्हणाले तर सकाळी दे, ती ठणठणीत असताना. अख्खा किंवा फोडलेला दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. वस्त्रगाळ कूट मऊ भातात किंवा नाचणीच्या सत्त्वात गुठळी न राहता कालवायचा. आधी चमच्याच्या टोकावर, मग दहा मिनिटं थांबून उरलेला. पुढचे दोन तास तिच्यावर लक्ष ठेव. एकदा सुरू केलं की सोडायचं नाही. त्या अभ्यासातल्या बाळांना आठवड्याला ६ ग्रॅम दाण्याची प्रथिनं तीन वेळांत विभागून मिळत होती. म्हणजे एका वेळी सुमारे ८ ग्रॅम दाणे, साधारण तीन लहान चमचे कूट. तिथपर्यंत हळूहळू जा. आणि तू स्वतः खुशाल खा. आईने सोडल्याने बाळाची अॅलर्जी टळते, असं कुठे दिसलेलं नाही.

अर्णवबद्दल तू विचारलंस. तो बरा झाला का, याचं उत्तर नाही असंच आहे. इथे २०२२ मध्ये ४ ते १७ वर्षांच्या मुलांना सरकारी दवाखान्यात पाल्फोर्झिया हे औषध मिळू लागलं. ते दुसरं काही नाही, अचूक मोजलेलं दाण्याचं पीठ. पहिल्या दिवशी दाण्याच्या अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनांपासून सुरुवात, तीही डॉक्टरांसमोर. मग दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात मात्रा वाढवत ३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम एका दाण्याइतकं. ते रोज दह्यातून घ्यायचं. घेतल्यावर धावायचं नाही, गरम पाण्याने अंघोळ नाही. फुटबॉल आवडणाऱ्या मुलाला संध्याकाळी घरात बसवणं किती जड जातं, ते मी रोज पाहते. मधे एका आजारपणात त्याच्या अंगभर गांधी उठल्या आणि मात्रा खाली आणावी लागली. एवढं करून मिळतं काय, तर चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जोराचा त्रास होण्याची शक्यता कमी होते. दाणे खाण्याची मुभा मिळत नाही, आणि औषध थांबवलं की संरक्षण ओसरतं. तरीही मी ते घेतलं, कारण त्याच्या वर्गमित्राच्या वाढदिवसाला मला दाराबाहेर उभं राहावं लागत नाही. पाचातल्या एका मुलाची ही अॅलर्जी वाढत्या वयात आपोआप जाते. तो त्या पाचातला एक असेल, अशी आशा मी अजून सोडलेली नाही.

डिसेंबरात आम्ही येतो आहोत, तेव्हा आईला एवढं सांग. त्याच्यासाठी वेगळी कढई, वेगळा झारा, आणि कूट झाकून वरच्या फळीवर. खिचडी ओल्या खोबऱ्याची चालेल, भरल्या वांग्यात सुक्या खोबऱ्याचा कूट घालू. तूर, मूग, हरभरा तो खातो. दाणा त्यांच्याच कुळातला असला तरी त्याला त्यांचा त्रास नाही. बाहेरचा सुटा चिवडा, चिक्की, मिठाई नको. बंद पाकिटावर अॅलर्जीची ओळ वाचता येते, सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं. कुणी प्रेमाने भरवायला आलं तर तो स्वतःच आधी विचारतो. त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

त्याची अॅड्रिनॅलिनची दोन पेनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत असतात. ओठ सुजले, खोकला किंवा आवाज घोगरा झाला, धाप लागली, तो निपचित पडला, तर आधी पेन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. खाज कमी करणारी गोळी देऊन वाट पाहायची नाही. त्याला झोपवायचं, पाय वर. धाप असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरं पेन, आणि दवाखाना तर गाठायचाच. तुझ्या यजमानांना हे दोनदा वाचून दाखव, कारण गाडी तेच चालवतात. अशी पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पिहूची टेस्ट पॉझिटिव्ह आलीच, तर वजनाप्रमाणे अॅड्रिनॅलिनची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घे आणि सिरिंज कशी भरायची ते त्यांच्यासमोर करून बघ.

टेस्टची तारीख मिळाली की कळव. खाज कमी करणारं औषध चालू असेल तर ते आधी काही दिवस थांबवावं लागतं, नाहीतर त्वचेवरची टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. किती दिवस, ते आजच फोन करून विचार.

तुझी
ताई