शोध थांबल्यानंतरचा शोक

माणूस गेला हे सगळ्यांना कळलेले असते, पण त्याचा देह हाती आलेला नसतो. अशा मृत्यूचा शोक नेहमीच्या शोकाच्या वाटेने जात नाही. अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून ही अवस्था प्रथम नीट मांडली. तिला अनिश्चित वियोग म्हणता येईल. यात दुःख असतेच, पण त्याहून जास्त त्रास देतो तो न सुटलेला प्रश्न. घरच्यांना धड रडता येत नाही आणि धड वाट पाहणेही सोडता येत नाही. बॉस यांचा मुख्य निष्कर्ष असा की, हा माणसाच्या मनाचा दुबळेपणा नसून परिस्थितीचाच दोष आहे. ‘मन घट्ट करा, झाले गेले विसरा’ हा सांत्वनाला येणाऱ्यांचा ठरलेला सल्ला त्यामुळेच इथे लागू पडत नाही.

रायगड जिल्ह्यात या अवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण खालापूर तालुक्यात आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ही ठाकर समाजाची वाडी. वर गाडीरस्ता नव्हता. पायवाटेने चढून जाण्याखेरीज इलाज नव्हता, म्हणून मोठी यंत्रे पोहोचली नाहीत आणि ढिगारा मुख्यतः कुदळ-फावड्यांनी उपसावा लागला. वरून संततधार आणि पुन्हा दरड येण्याची धास्ती होतीच. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसांचा पत्ता नव्हता. म्हणजे ज्यांना शेवटचे पाहता आले, त्यांच्या दुपटीहून जास्त माणसांना कोणालाच पाहता आले नाही. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, तेव्हाही काही देह न मिळताच शोध थांबवावा लागला होता.

अशा घटनेनंतर शरीर धोक्याच्या तयारीत अडकून राहते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके संकटापुरती वाढावीत आणि मग ओसरावीत, हा निसर्गाचा हिशेब. ती ओसरत नाहीत तेव्हा झोप तुटक होते, छाती धडधडते, पोट बिघडते, क्षुल्लक कारणावरून संताप येतो. दरडग्रस्तांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भूकंप रोज होत नाही, पाऊस मात्र जून ते सप्टेंबर रोज येतो. ज्या आवाजाने आठवण उसळते तोच आवाज कंटेनरच्या पत्र्यावर रात्रभर वाजत असतो. वाचलेल्यांची पहिली सोय कंटेनरच्या तात्पुरत्या वसाहतीत झाली होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. पावसाचा जोर वाढला की कपडे न बदलता, चप्पल दाराशी ठेवून जागत बसणे हे अशा वस्त्यांतले नेहमीचे लक्षण. बाहेरच्याला ते भित्रेपणाचे वाटते. प्रत्यक्षात शरीर एकदा शिकलेला धडा गिरवत असते.

पहिल्या दिवसांत काय करू नये, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. घटना घडताच प्रत्येकाला बसवून सगळा प्रसंग तपशीलवार बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. एकाच बैठकीत केलेल्या अशा उजळणीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींना उलट अपाय होतो, असे पुढे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच मानसिक प्रथमोपचारावर भर आहे. आधी गरज काय ते पाहावे, माणूस बोलेल तेवढे ऐकावे आणि त्याला योग्य मदतीशी जोडून द्यावे, इतकेच. कॅमेरा घेऊन ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारत फिरणारे यातल्या पहिल्याच पायरीवर नापास होतात.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एक, ज्यामुळे ताण आला ती अडचणच हलवणे. दुसरा, अडचण हलणार नसेल तर तिच्याविषयीची भावना हाताळणे. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी या दोहोंचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सगळेच गाडले गेलेले असते. डोक्यावर छप्पर नाही, तलाठ्याकडचे काम अडलेले आहे, अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवणे ही त्याची थट्टाच. तात्पुरता निवारा आणि त्यानंतर सिडकोने चौकजवळ बांधलेली कायमची घरे हाही मानसोपचाराचाच भाग आहे, मग त्या फायलीवर कोणी तसे लिहो वा न लिहो.

कागदपत्रांतला एक कागद मात्र निराळा असतो. एरवी सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो. आपत्तीत चौकशी करून प्रशासन त्याआधीही मृत्यूची नोंद करू शकते. मदतीची रक्कम, वारसनोंद, मुलांचे दाखले हे सारे त्या नोंदीवर अवलंबून असते, म्हणून ती लवकर होणे हिताचेच. पण अर्जावर अंगठा उठवताना अनेकांना वाटते की, आपण सही करून त्याला मारतो आहोत. अशी सही टाळणाऱ्या घरातल्या माणसाला आडमुठे ठरवू नये. मृत्यू त्या रात्री झाला, कागदाने झालेला नाही, हे सांगायला कोणालातरी सवड काढावी लागते. हे काम डॉक्टरापेक्षा गावातली आशाताई किंवा नात्यातले वडीलधारे माणूस जास्त चांगले करते.

विधींचे महत्त्व इथेच कळते. देह सापडला नाही तर काय करायचे, याचा विचार परंपरेने फार पूर्वी केला आहे. धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. त्यात पळसाच्या पानांच्या देठांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. प्रत्येक समाजाची रीत वेगळी, आणि कोणता विधी करायचा ते त्या त्या समाजाने ठरवावे. मानसशास्त्राच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे की, चार माणसांसमोर, ठरल्या दिवशी, नाव घेऊन निरोप दिला जावा. दहावे-बारावे झाले की शेजारीपाजारीही त्या घराशी वेगळे वागू लागतात, आणि पुष्कळदा त्यानेच वाट पाहण्यातला ताठरपणा सैल पडतो. स्मरणदिनांना मन पुन्हा अस्वस्थ होते, हेही सर्वत्र दिसते. २०२३मध्ये दरड कोसळली तेव्हा अधिक श्रावण नुकताच लागला होता. पुढच्या वर्षीचा श्रावण ऑगस्टमध्ये आला. तिथी पाळणाऱ्या घरांना अशा वेळी तारखेचा एक आणि तिथीचा एक, असे दोन जड दिवस काढावे लागतात.

निरोप दिला म्हणजे नाते संपवले, असे नाही. १९९६मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने हा जुना समज मोडीत काढला. मृताशी मनातले नाते टिकवूनही माणसे नीट जगतात. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये दाखवून दिले की, शोकातला माणूस दुःख आणि रोजचे जगणे यांत सारखा ये-जा करतो आणि ही ये-जा निरोगी असते. सकाळी हंबरडा फोडणारी बाई दुपारी रानभाजी घेऊन बाजारात बसलेली दिसली, तर तिचे दुःख खोटे ठरत नाही. सोडायची असते ती वाट पाहण्यातली सक्ती आणि स्वतःवरचा ठपका. हा ठपका विशेष चिवट असतो. त्या रात्री जो वाडीत नव्हता, त्याला आपण वाचलो याचीच शरम वाटते. ‘तू असतास तर तूही गेला असतास’ या वाक्याने ती जात नाही. आपल्या हातात त्या रात्री नेमके काय होते आणि काय नव्हते, याचा शांतपणे, पुन्हापुन्हा हिशेब मांडावा लागतो.

आशेचे काय करायचे, हा प्रश्न याच परिसरात उलट बाजूनेही भेटतो. शेजारच्या कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. मानसिक आजारामुळे घर सोडून रस्त्यावर भटकणाऱ्यांवर तिथे उपचार होतात आणि त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवले जाते. या कामासाठी वाटवानी यांना २०१८चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा रुग्णांतले काही वर्षानुवर्षांनी घरी परततात, आणि घरच्यांनी त्यांची आशा कधीच सोडलेली असते. म्हणून ‘आशा सोडा’ असे सरसकट सांगणे शास्त्राला धरून नाही. स्टेशनवरून हरवलेला भाऊ आणि दरडीखाली गेलेला भाऊ यांच्याबाबत शक्यता वेगळ्या आहेत. पहिल्याचा शोध चालू ठेवणे योग्य, फक्त त्यापायी घरातल्या इतरांचे जगणे थांबू नये. दुसऱ्याच्या बाबतीत माहीत आहे ते हळूहळू, पण स्पष्टपणे बोलणे योग्य.

मुलांशी तर ते स्पष्टच बोलावे. आश्रमशाळेत राहिल्यामुळे वाचलेल्या मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितले की, ती प्रत्येक सुट्टीत दाराकडे पाहत बसतात. लहान मुलाला मृत्यू कायमचा असतो हे लगेच उमगत नाही; तेच तेच प्रश्न येतात आणि त्यांना तेच उत्तर द्यावे लागते. खेळणे, खोड्या काढणे चालू आहे म्हणजे मूल विसरले, असे शिक्षकांनी धरू नये. अचानक अभ्यासात मागे पडणे, अंथरूण ओले होणे, पाऊस लागला की वर्गातून पळणे, ही त्याच्या दुःखाची भाषा आहे.

बहुतेक माणसे औषधाशिवाय सावरतात. काहींचे मात्र सहा महिने, वर्ष उलटले तरी तीव्र ओढ, सुन्नपणा आणि जगण्याची अनिच्छा कमी होत नाही. दीर्घकाळ लांबलेला शोक हा आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे. रोज दारू लागणे, कामावर न जाणे, मरणाची भाषा करणे दिसले, तर मुदतीची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे केंद्र अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आहे, आणि खालापूरच्या वाडीवरून पेणमार्गे तिथे जाऊन येण्यात एक मजुरी बुडते. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मराठीत विनामूल्य बोलता येते; पण अनोळखी आवाजाशी घरातले दुःख बोलायला पुष्कळांची जीभ रेटत नाही. त्यामुळे पहिला फोन आशाताईने आपल्या मोबाइलवरून, शेजारी बसून लावून देणे, आणि पुढच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रातच डॉक्टर ठरल्या वारी येणे, एवढी सोय झाली तरी उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाण पुष्कळ कमी करता येईल.