गाडीचे पोट

पूर्वी आमच्या हिंगोलीकडे कापूस बाजारात न्यायला शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणीत. परत केली की मालक आधी खाली वाकून पाही. वरच्या फळ्या ओरखडल्या तर तो चालवून घेई. आस वाकला तर मात्र चेहरा बदले. गाडीचा जीव पोटाखाली असतो, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

यंदा मुलीकडे नॉर्वेला जायचे ठरले. तिथे २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेवरच्या होत्या; तेव्हा भाड्याने घ्यायची तीही विजेचीच. परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढला आणि मुलीने पाठवलेला विम्याचा कागद घेऊन बसलो. मोठ्या अक्षरांत अभय होते : धडक, चोरी, दुसऱ्याचे नुकसान. बारीक अक्षरांत अपवाद : काचा, टायर आणि गाडीचा तळ. शिवाय नुकसानीचा पहिला ठरावीक वाटा भाडेकऱ्याच्याच माथी.

आता गंमत पाहा. विजेच्या गाडीचा सर्वांत महाग अवयव म्हणजे बॅटरी. ती बहुधा तळाशीच पसरलेली असते. एखादा दगड लागला, की माझी वर्षाची पेन्शन गेली! मी मुलीला कळवले, "तळाचा आणि बॅटरीचा विमा लेखी मिळत असेल तर गाडी घे, नाही तर आगगाडीने हिंडू."

"बाबा, केवढा हा अविश्वास!" ती म्हणाली.

अविश्वास कसला? मागून आणलेली गाडी आहे. आधी वाकून पाहायला नको?