पूल बंद, वाट चालू

सांडोरहून मुंबईला निघालं, की नायगाव सोडल्यावर खाडी लागतेच. १८६४ साली बी.बी.सी.आय. रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोचली ती हीच खाडी ओलांडून. पुढे गाड्या नव्या पुलावर गेल्या, जुन्या लोखंडी पुलावरून माणसं चालू लागली. लहानपणी मी विचारायचो, "आजोबा, ही माणसं इथून का चालतात?" ते म्हणायचे, "पाणजू बेटावरची आहेत रे, होडी चुकली असेल."

खारं पाणी लोखंड खातं, हे आपण पेपरात लिहितोच. पण १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल कोसळला, ४ जण गेले. तोही धोकादायक ठरवलेला होता. मित्रांनो, बोर्ड लावून पूल बंद होतो, गरज नाही. उद्या आपण इंजिनिअर झालो, की जुनी वाट बंद करण्याआधी नवी आखूया!